परतीचा भाग

विज्ञान केंद्राच्या तळमजल्यावर, तिकीट खिडकीच्या उजव्या हाताला एक मोठं गोल दालन होतं आणि त्याच्या मधोमध अवकाशकुपी उभी होती. खरी नव्हे, पण खरीच्याच मापाची. आत तीन खुर्च्या, समोर बटणांची भिंत आणि दोन छोट्या खिडक्या. खिडक्यांत काचेऐवजी पडदे बसवलेले. खालची यंत्रं कुपीला हलवत, कलवत, दणके देत. दार लागलं की आतल्या माणसाला आपण तळमजल्यावर आहोत हे पटेनासं व्हायचं. हसत-खिदळत आत गेलेली माणसं बाहेर येताना एकमेकांचा दंड धरून यायची.

कुपी चालवायचं काम ताईकडे होतं. वयाने मोठे असलेले सुरक्षारक्षकसुद्धा तिला ताईच म्हणत. पूर्वी ती शाळेत भूगोल शिकवायची. फळ्यावर पृथ्वी काढून काढून कंटाळा आला, म्हणून इकडे आले, असं ती हसत सांगायची.

कुपी बसवली जात होती तेव्हा ती नीट व्हावी म्हणून खरी अंतराळवीर तिथे यायची. वर्तमानपत्रांत तिचं लांबलचक नाव पदवीसकट छापून येई, पण पहिल्याच आठवड्यात तिच्या आईचा फोन आला, ताईने तो उचलला आणि पलीकडून प्रश्न आला, "ठकू जेवली का?" तेव्हापासून केंद्रात ती ठकूच झाली. तिने आधी कपाळाला हात लावला, मग तीही त्या नावाला ओ देऊ लागली.

ठकूला खोटेपणा चालत नसे. खुर्चीत बसायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "इथे दणका कमी आहे. इथे छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं पाहिजे. लोकांना गुदगुल्या नका करू, खरं काय ते कळू दे." आतल्या सूचनाही तिच्याच आवाजात होत्या. पट्टे आवळा, डोकं मागे टेकवा, आता खिडकीत बघा. ताईने एकदा विचारलं, "एवढा वेळ कशाला घालवतेस इथे? तुझं खरं काम पडलंय ना?"

"हेही खरंच काम आहे," ठकू म्हणाली. "वर जाणार आम्ही तिघं. बाकीच्यांनी नुसत्या बातम्या वाचायच्या? त्यांनाही नेऊ की."

उद्घाटनाला तिची आई आली होती. इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर आयुष्य काढलेली बाई. बारीक अंगाची, निळ्या स्वेटरातली, कानावर केस न येऊ देणारी. ठकूने खूप आग्रह केला, पण ती काही कुपीत बसली नाही. "तुम्ही जाऊन या. मी पर्सा सांभाळते," म्हणाली आणि सगळ्यांच्या पर्सा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिली. ठकू जराशी हिरमुसली. मग पाहुण्यांत मिसळून गेली.

पुढच्या वर्षी ते तिघे खरोखर वर गेले. ठकू, मोहिमेचा कप्तान आणि एक शास्त्रज्ञ. तीन महिने वर राहायचं होतं. त्या काळात कुपीसमोरची रांग दारापर्यंत जायची. ठकू आत्ता वर आहे आणि आत तिचाच आवाज आहे, याचं लोकांना भारी अप्रूप. एका आजोबांनी तर बाहेर आल्यावर ताईला खालच्या आवाजात विचारलं, "त्या बाईंना आमचं बोलणं ऐकू गेलं का हो?"

त्यांच्या परतीच्या दिवशी काहीतरी वेगळं करावं असं संचालक साहेबांच्या मनात होतं. खरं यान खाली यायला लागेल त्याच क्षणी केंद्रातली कुपीही सुरू करायची आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तिघांना आत बसवायचं. दालनात मोठा पडदा, त्यावर नियंत्रण कक्षाचं थेट प्रक्षेपण. एका बाजूला खरं, एका बाजूला आपलं. ताईलाही ती कल्पना फार आवडली होती. आवडली होती, हेच तिला पुढे सोसेना.

दालन खच्चून भरलं होतं. चिठ्ठी निघाली एका बेकरीवाल्याची, एका कॉलेजातल्या मुलीची आणि तिच्या मावशीची. ताईने तिघांचे पट्टे आवळले, दार लावलं आणि पडद्यावर इशारा झाला तशी कळ दाबली. खिडक्यांत नारिंगी जाळ उठला. कुपी थरथरू लागली. पडद्यावरचा निवेदकही तेच सांगत होता: यान वातावरणात शिरलं, थोडा वेळ संपर्क राहणार नाही, काळजीचं कारण नाही. मग संपर्क आला. कप्तानाचा आवाज ऐकू आला. लोकांचा जीव भांड्यात पडला.

नंतर कुपीला मोठा हिसका बसला. पॅराशूट उघडल्याचा. मग ती हळूहळू झुलली, टेकली, आणि नेहमीप्रमाणे आतून-बाहेरून टाळ्यांचा गजर सुरू झाला. तोही ठरलेला, ध्वनिमुद्रित. टाळ्या ऐकून दालनातल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. दार उघडून बेकरीवाला बाहेर आला, दोन्ही हात वर करून. ताईही टाळ्या वाजवत होती. पडद्यावरचा निवेदक मघापासून काहीच बोलत नाहीये, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

नियंत्रण कक्षातली माणसं खुर्च्यांवरून उठली नव्हती. एकाने कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. कॅमेरा तिथून हलला आणि रिकाम्या आकाशाकडे गेला. टाळ्या अजून चालूच होत्या. त्या कुठून बंद करायच्या हे रोज हाताळणाऱ्या ताईला आठवेना. शेवटी तिने मुख्य खटकाच पाडला. दालनातले दिवे गेले.

यानाचं पॅराशूट उघडलंच नव्हतं.

त्यानंतर दालनाला कुलूप लागलं. लोक फुलं आणून बंद दाराशी ठेवत. झाडणाऱ्या बाई ती सुकेपर्यंत तशीच राहू देत, मग गुपचूप गोळा करत. ताई रोज कामावर यायची, तिकिटं फाडायची, ग्रहांच्या दालनात उभी राहायची. घरी तिच्याशी कुणी तो विषय काढत नसे. नवरा चहाचा कप पुढे करायचा आणि वर्तमानपत्राचं पहिलं पान दुमडून ठेवायचा.

बऱ्याच महिन्यांनी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. "कुपी पुन्हा सुरू करायचं ठरतंय," ते म्हणाले. "पण कप्तानाच्या बायकोचं म्हणणं आलंय. गेलेल्या माणसाच्या आवाजात लोकांना सफरी घडवणं तिला सहन होत नाही. तिचं चुकीचं आहे असं मला वाटत नाही. आवाज बदलू. तुझाच टाकू."

"माझा कसा?"

"तुला सगळं तोंडपाठ आहे. दुसऱ्या कुणाला पुन्हा शिकवत बसू?"

ताईने छोट्या बंद खोलीत बसून तीच वाक्यं म्हटली. पट्टे आवळा. डोकं मागे टेकवा. 'आता खिडकीत बघा' या वाक्याशी ती अडायची आणि ध्वनिमुद्रण करणारा पाणी पुढे करायचा. काम संपल्यावर जुना आवाज यंत्रावरून काढून टाकायचा होता. 'नक्की काढायचं का?' असं यंत्राने विचारलं. ताईने 'हो' दाबलं. कुठेतरी एखादी प्रत असेल, असं तिला वाटलं होतं. ती नव्हती.

कुपी सुरू होण्याआधीच्या सोमवारी, केंद्राच्या सुट्टीच्या दिवशी, ताई चाचणी घ्यायला आली होती. दुपारी सुरक्षारक्षक आत आला. "ताई, बाहेर एक बाई आल्यात. सुट्टी आहे म्हटलं, तर म्हणतात, माहीत आहे, म्हणूनच आले."

ठकूची आई होती. अंगावर तोच उद्घाटनाच्या वेळचा निळा स्वेटर. पण आता तो दोन मापं मोठा वाटत होता. ताईने तिला बाकावर बसवलं.

"मावशी, चहा घेणार?"

"नको. मला आत बसायचंय."

"कुपीत?"

"त्या वेळी बसले नाही. वाटलं, खऱ्यातून उतरली की तिच्याबरोबर बसेन." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तिचा आवाज आहे ना आत? लोक सांगायचे मला. बाजारात थांबवून सांगायचे, तुमची मुलगी काय छान समजावून सांगते म्हणून."

ताईला वाटलं, पायाखालची फरशी सरकली तर बरं. "होता," ती म्हणाली.

"होता म्हणजे?"

"आता माझा आहे. वरून सांगितलं, बदला. जुना पुसला."

"कोणी पुसला?"

"मी."

आई बराच वेळ कुपीकडे बघत राहिली. रागावली नाही. रागावली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

"माझ्याकडे तिचे फोनवरचे निरोप आहेत," आई शेवटी म्हणाली. "पोचले, जेवले, गोळ्या घेतल्यास का. त्यात ती माझी ठकू आहे. कामावरचा तिचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. मी जन्मभर फोनवर आवाज ऐकले, पोरी. माणूस घरात एका आवाजात बोलतो आणि कामावर दुसऱ्या. मला तो दुसरा ऐकायचा होता."

मग आई उठली. "चल. तुझ्या आवाजात तर तुझ्या आवाजात. बसव मला."

घाबरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून आतूनही कुपी चालवायची सोय होती. ताईने तिला मधल्या खुर्चीवर बसवलं, पट्टे आवळले, स्वेटर खांद्याशी गोळा होत होता तो सारखा केला. स्वतः डावीकडे बसली. टाळ्या तर तिने दालनाचं कुलूप उघडलं त्याच दिवशी काढून टाकल्या होत्या.

"वर जायचं का आधी?" तिने विचारलं.

"नको. वर ती नीट पोचली होती. खाली येतानाचं लाव."

खिडकीत काळोख होता आणि त्यात पृथ्वीची निळी कड. ताईचा ध्वनिमुद्रित आवाज सूचना देऊ लागला. आईने एक-दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "हे बंद कर. यात तू भेदरलेली आहेस. तूच सांग, तिने सांगितलं असतं तसं."

ताईने आवाज बंद केला आणि स्वतः बोलू लागली. ठकू थांबायची तिथे थांबली, ठकू घाई करायची तिथे घाई केली. 'आता छातीवर कुणीतरी बसेल, श्वास पोटातून घ्या' असं म्हणताना ठकू थोडी हसायची, ताईला हसता आलं नाही, पण ती म्हणाली, "इथे ती हसायची." आईने मान हलवली. खिडक्यांत जाळ उठला. कुपी थडथडू लागली. आईने खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मात्र मिटले नाहीत. जाळ विझला. खिडकीत पांढुरके ढग आले आणि त्यांच्याखाली, तिरकी, तपकिरी-हिरवी जमीन.

"कुठे झालं ते?" आईने विचारलं. "त्या जागी थांबव."

ताईने बटणावर बोट ठेवलं. सगळं थांबलं. थरथर थांबली, ढग थांबले. यंत्राच्या पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"इथे," ती म्हणाली.

"हे ती बघत होती?"

"हो. उजवीकडच्या खिडकीतून तिला असंच दिसत असणार."

"म्हणजे जमीन दिसली होती तिला."

"दिसली होती."

आईने पट्ट्यातून जमेल तेवढं पुढे वाकून बघितलं. "घाबरली असेल?"

'कळलंही नसेल तिला' असं सांगायचं ताईच्या ओठांवर आलं होतं. सगळे तेच सांगत होते. साहेब, मंत्री, वर्तमानपत्रं. पण ठकूला खोटेपणा चालत नसे.

"घाबरली असेल, मावशी. पण तिचे हात रिकामे नव्हते. आपोआप उघडलं नाही तर हाताने उघडायची कळ तिच्या बाजूला होती. ही." तिने आईचा उजवा हात धरून वर, डोक्याजवळच्या लाल कळीवर नेला. "ती ही ओढत असणार. शेवटपर्यंत ओढत असणार."

आईने ती कळ मुठीत घेतली. खोटीच होती, कशाला जोडलेली नव्हती. बराच वेळ तिने हात काढला नाही. मग तिचा खांदा हलू लागला. ती रडत होती, तोंडातून आवाज न काढता, एक्स्चेंजवर दुसऱ्याचं बोलणं चालू असताना खोकला दाबावा तशी. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तिलाही आवरेना. अपघाताच्या दिवसापासून ती रडली नव्हती.

"आता पुढे काय होतं?" आईने डोळे पुसत विचारलं.

"आता पॅराशूट उघडतं. मग आपण टेकतो."

"तुझ्या कुपीत."

"हो."

"मग राहू दे."

ताईने दार उघडलं. बाहेर ट्यूबलाइटचा उजेड होता आणि झाडणाऱ्या बाई बादली घेऊन कोपरा पुसत होत्या. आई पायरीवरून उतरताना डगमगली, तिने ताईचा दंड धरला आणि बाकापर्यंत तो सोडला नाही.

कुपी ठरल्याप्रमाणे सुरू झाली, पण आदल्या दिवशी एक नवा हुकूम आला. परतीचा भाग दाखवायचा नाही. लोक वर जातील, पृथ्वी बघतील, तिथेच दार उघडायचं. हेही कप्तानाच्या बायकोच्या सांगण्यावरून होतं. ताईला त्याच्याशी जुळवून घेता येईना. कक्षेत तरंगणाऱ्या माणसांसमोर दार उघडायचं आणि ती थेट फरशीवर पाय ठेवायची. मोठी माणसं काही बोलत नसत. त्यांना ठाऊक होतं. मुलं विचारत, "आणि परत कसं यायचं?"

"तो भाग बंद आहे," ताई सांगायची.

आईला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. "म्हणजे माझ्या पोरीला वरच ठेवलंत तुम्ही? ती खाली येत होती. जमीन दिसली होती तिला. ते का लपवायचं?" ती साहेबांना भेटली. साहेबांनी हात जोडले. तिन्ही घरांचं एकमत झालं तर बघू, म्हणाले. शास्त्रज्ञाच्या घरच्यांची हरकत नव्हती. मग एका रविवारी आई एकटीच कप्तानाच्या बायकोकडे गेली.

दोन दिवसांनी ती केंद्रात आली. शाळेची सहल आत जायच्या तयारीत होती, म्हणून दोघी दालनाच्या दाराशीच बाकावर बसल्या.

"काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"काही नाही म्हणाली. चहा केला. तिची दोन मुलं आहेत, एवढी एवढीशी. धाकट्याला अजून सांगितलेलं नाही, बाबा कामावर आहे असं सांगून ठेवलंय." आईने चष्मा काढून स्वेटरला पुसला. "थोरली म्हणाली, आमच्या शाळेची सहल त्या केंद्रात जाते. मग मी विषयच काढला नाही."

"म्हणजे आता असंच राहू द्यायचं?"

"राहू दे. माझी लेक मोठी होती गं, मला खरं हवंय. तिच्या पोरांना ते झेपायचं नाही. दोघींचंही बरोबर आहे, पण कुपी एकच आहे ना." तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तिच्या घरी भिंतीवर तिघांचा फोटो आहे. ठकूने केस कापले होते, मला ठाऊकच नव्हतं. लांबच बरे दिसायचे तिला."

शिक्षिकेने मुलांची जोड्याजोड्यांनी रांग लावली. पहिल्या तिघांना आत बसवायची वेळ झाली होती. ताई उठली. आई म्हणाली, "जा, मी आहे." मग पर्स मांडीवर घेऊन ती बसून राहिली. पुढे उभ्या असलेल्या एका मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती. आईने तिला खुणेने जवळ बोलावलं, पाय बाकावर ठेवायला लावला आणि वाकून नाडी बांधू लागली.

"घट्ट नको," मुलगी म्हणाली.

"बरं, सैल बांधते," आई म्हणाली.